खिंडीतली नदी

१

"हा नकाशा माझा नाही," भावोजी म्हणाले.

टीसीबाई चहाची किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. रविवारची सकाळ, आठाचा सुमार. जेवणाच्या टेबलावर नकाशा उलगडलेला, त्यावर खिडकीतून आलेलं ऊन, आणि समोर त्यांचे धाकटे दीर उभे. हातात भिंग, चेहरा पांढराफटक.

"तुमचा नाही म्हणजे? काल संध्याकाळी बाइंडर तुमच्याच हातात देऊन गेला ना?"

"पुठ्ठा त्याचाच आहे, घड्याही त्याच्याच. पण वरचा कागद मी रंगवलेला नाही. वहिनी, कुणीतरी माझा नकाशा लांबवलाय आणि त्या जागी हा सोंगाड्या आणून बसवलाय."

टीसीबाईंनी किटली ठेवली आणि चष्मा लावला. त्यांना तरी नकाशा तोच दिसत होता. सहा कोनांची एकशे बारा घरं, मधमाशांच्या पोळ्यासारखी एकमेकांना चिकटलेली. पश्चिमेला दगडाची खाण, पूर्वेला समुद्र, मधे डोंगराची रांग आणि रांगेत एकच खिंड. आठ महिने हा माणूस याच टेबलाला चिकटून होता. खेळाच्या खोक्यात कंपनीचा नकाशा येतोच, पण भावोजींना स्वतःचा हवा होता.

खेळ तसा सोपा. आपापल्या रंगाचे रूळ घराघरांतून टाकत न्यायचे, गावं जोडायची आणि गावात ठेवलेले लाकडी ठोकळे, म्हणजे माल, आपल्या रुळांवरून पोचवायचा. जो जास्त पोचवील तो जिंकला. पण भावोजींना जिंकण्यापेक्षा रुळांचं वेड. चाळीस वर्षांपूर्वी मोजणी खात्यात ते नवे नवे लागले, तेव्हा याच खोऱ्यातून रेल्वे न्यायची ठरली होती. खाणीपासून समुद्रापर्यंत त्यांनी पायी मोजणी केली, नकाशे काढले, आणि मग वरून हुकूम आला की काम बंद. एकही रूळ पडला नाही. ती लाइन निदान टेबलावर तरी व्हावी, एवढाच त्यांचा हट्ट होता.

आणि आज चार वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये खेळाच्या मंडळाचा मेळावा होता. खेळ बनवणाऱ्या कंपनीची बाई येणार होती. जो नकाशा आवडेल तो पुढच्या खोक्यात छापून येणार.

"कशावरून म्हणता तुमचा नाही?"

भावोजींनी भिंग त्यांच्या हाती दिलं. "डोंगरावरच्या छायेच्या रेघा बघा. मी डावखुरा. माझ्या रेघांचा माथा डावीकडे कलतो. या उजवीकडे कलल्यात. दुसरं, इथे किनाऱ्यावर दीपगृह होतं. नखाएवढं. ते गायब. आणि तिसरं," त्यांचा आवाज चढला, "ही नदी! माझी नदी खिंडीच्या एक घर खालून वाहते. ही चक्क खिंडीतून चाललीय!"

भावोजींची सून कामाच्या पिशवीत डबा भरत होती. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने दर्यावर. ती कापड छपाईच्या कारखान्यात होती आणि आज अर्ध्या दिवसाची पाळी होती तिची. तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. तशी ती या घरात तीन वर्षांत फारसं बोललीच नव्हती.

"पोलिसांत जाऊ?" भावोजींनी विचारलं.

"आणि काय सांगाल? नदी चोरीला गेली म्हणून?" टीसीबाईंनी पदर खोचला. "एकतीस वर्षं तिकिटं तपासलीत मी. बिनतिकीट माणूस मला डब्यात पाय ठेवायच्या आधी कळतो. बारापर्यंत वेळ द्या."

२

टीसीबाई रेल्वेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना टीसीबाईच म्हणत. त्यांचं एक साधं तंत्र होतं. तिकीट पाहायचं नाही, तिकीट शोधणाऱ्याचा हात पाहायचा. ज्याच्याकडे तिकीट असतं त्याचा हात सरळ खिशाकडे जातो. ज्याच्याकडे नसतं त्याचा हात आधी चार खिसे फिरून येतो.

जिना उतरता उतरता त्यांनी मनाशी हिशेब मांडला. नकाशा गेल्या रविवारच्या डावात टेबलावर होता, कारण तो डाव त्यांनी स्वतः पाहिला होता. सोमवारी बाइंडरचा माणूस आला तेव्हा कागद गुंडाळून त्याच्या हाती देणाऱ्याही त्याच. छान धुतलेल्या चादरीत गुंडाळून दिला होता, वाटेत चुरगळू नये म्हणून. शनिवारी तो पुठ्ठ्यावर चढून परत आला. म्हणजे जे काय घडलं ते सोमवार ते शनिवारच्या दरम्यान.

आणि संशय घ्यायचा तर आधी कुणाचा? समोरच्या घरातल्या दाताच्या डॉक्टरांचा. डॉक्टर उजव्या हाताने दात उपटत. भावोजींचे ते जानी दोस्त आणि खेळातले हाडवैरी. शिवाय आजच्या मेळाव्यात त्यांचाही एक नकाशा होता.

डॉक्टर गॅलरीत बसून आपल्या नकाशावर बेटं रंगवत होते. टीसीबाईंना पाहताच त्यांनी त्यावर वर्तमानपत्र टाकलं.

"काय लपवताय?"

"बेटं! तुम्ही घरी जाऊन सांगाल, आणि तो दुपारपर्यंत माझ्या बेटांवर उपाय शोधून ठेवील."

"भावोजींचा नकाशा कुणीतरी बदलला, डॉक्टर."

डॉक्टरांच्या हातातला कुंचला खाली आला. सरळ, पाण्याच्या भांड्यात. चार खिसे फिरला नाही, हे टीसीबाईंनी टिपून ठेवलं.

"कोण म्हणतं मी केलं? अहो, त्याला हरवण्यात माझा रविवार जातो. त्याचा नकाशाच गेला तर मी हरवू कुणाला? तुम्हाला?"

"मला खेळ येत नाही."

"म्हणूनच." मग ते गंभीर झाले. "बदलला म्हणजे काय केलं नेमकं?"

टीसीबाईंनी सांगितलं. रेघा, दीपगृह, नदी. नदीचं ऐकून डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"खिंडीत नदी? परत सांगा. खिंडीच्याच घरात?" त्यांनी बोटांनी हवेत काहीतरी मोजलं आणि हळूच शीळ घातली. "टीसीबाई, हे ज्याने केलं त्याला चोर म्हणू नका. तो या खेळातला उस्ताद आहे."

"ते कसं?"

"नदी असलेल्या घरात रूळ टाकायला दोन खेळ्या लागतात. साध्या घरात एक. आत्ता काय होतं? जो पहिला खेळतो तो पहिल्या खेळीत खिंड बळकावतो. मग बाकीच्यांनी नुसतं हातावर हात ठेवून बसायचं. मागच्या नऊ डावांपैकी सात पहिल्या खेळाडूने मारले. खिंडीत नदी आणली की पहिल्याचं एका खेळीत भागत नाही. तेवढ्यात दुसरे येऊन पोचतात. सगळा डाव सरळ होतो!"

"मग हे भावोजींना कुणी सांगितलं का नाही?"

डॉक्टरांनी बेटांकडे पाहिलं. "सातातले चार मी जिंकलो होतो."

टीसीबाई उठल्या. नुकसान करायला आलेला माणूस नकाशा फाडतो, नाहीतर पळवतो. एकशे बारा घरं पुन्हा रंगवून, वर खेळ सुधारून कोण ठेवतं? मग हे केलं तरी कुणी, आणि का?

"थांबा," डॉक्टर मोबाइल पुढे करत म्हणाले. "डाव मांडला की मी दर वेळी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. हा गेल्या रविवारचा. बघा, तुमचं दीपगृह कसं झकास दिसतंय."

टीसीबाईंनी फोटो पाहिला. दीपगृह होतं. त्याच्या मागे कागदाचा कोपरा दाबून धरायला ठेवलेली भावोजींची जुन्या दुर्बिणीची पितळी नळी उभी होती.

त्या बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिल्या.

३

"हा फोटो कुणाकुणाकडे आहे?" त्यांनी निघताना विचारलं होतं.

"मंडळातल्या सगळ्यांकडे. बाइंडरकडेसुद्धा."

बाइंडरचं दुकान कोपऱ्यावर होतं. आत खळीचा आंबूस वास, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, मधे लोखंडी दाबयंत्र. बाइंडर साठीचा, भिडस्त, बोलताना नेहमी पुस्तकाशी बोलल्यासारखा खाली बघणारा. तोही रविवारच्या डावातला. आत्ता तो डाव्या हातात सुरी धरून कापड कापत होता. डाव्या. टीसीबाईंनी मनातल्या यादीतून त्याचं नाव अर्धं खोडलं. अर्धंच, कारण नकाशा सहा दिवस त्याच्याकडे होता.

"नकाशाबद्दल विचारायचं होतं."

बाइंडरने सुरी ठेवली. मग उचलली. मग पट्टी सरळ केली, डिंकाच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं. चार खिसे, टीसीबाई मनात म्हणाल्या.

"काम जसं हातात आलं तसं पूर्ण करून दिलं," तो पट्टीला म्हणाला.

"मी कामात खोट काढली का अजून?"

"नाही. पण... पुठ्ठा चांगला बसलाय ना?"

"पुठ्ठा छान बसलाय. वरचा कागद कुणाचा आहे?"

बाइंडरने डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "टीसीबाई, मी शब्द दिलाय. मला खोटं बोलता येत नाही, आणि शब्द मोडता येत नाही. मधल्या मधे माझं भरीत करू नका. फक्त एवढं सांगतो, कुणाचंही वाईट व्हावं म्हणून झालं नाही हे."

"शब्द कुणाला दिलात?"

तो गप्प. टीसीबाईंनी एकतीस वर्षांत गप्प माणसं पुष्कळ पाहिली होती. लबाडीने गप्प राहिलेला माणूस खिडकीबाहेर बघतो. हा त्यांच्याचकडे बघत होता, आणि तेही कीव केल्यासारखा. ते काही त्यांना रुचलं नाही.

त्या वळल्या तेव्हा त्याने घाईघाईने फळीवरून एक कागदी पुडकं काढलं. "तुमची चादर. नकाशाबरोबर आली होती. धुऊन, इस्त्री करून ठेवलीय."

"चादरीला इस्त्री? कशाला एवढं?"

बाइंडर पुन्हा पट्टीशी बोलू लागला.

घरी येऊन टीसीबाईंनी पुडकं उघडलं. पिवळ्या फुलांची चादर, घडीवर घडी. कपाटात ठेवताना काठ उलगडला आणि त्यांचा हात तिथेच राहिला. काठाच्या कडेकडेने वीतभर रुंदीचा एक फिकट डाग होता. धुऊनही न गेलेला.

निळा. भावोजींच्या समुद्राचा निळा.

४

टीसीबाई पलंगावर बसल्या.

सोमवारची सकाळ त्यांना आता लख्ख आठवली. बाइंडरचा माणूस दारात खोळंबलेला, त्यांना घाई, दोरीवरून चादर ओढली. मधे हात फिरवून पाहिला, कोरडी वाटली. काठ कुणी पाहिलाय? जाड शिवणीचा काठ सगळ्यांत शेवटी वाळतो, हे पोरीबाळींना शिकवणाऱ्या त्या. पाण्याच्या रंगात रंगवलेला नकाशा त्यांनी ओल्या काठात गुंडाळून, वर दोरीने आवळून दिला होता. समुद्राची बाजू काठाकडे. बाइंडरने उघडला असेल तेव्हा समुद्र डोंगरापर्यंत चढून बसलेला असणार.

आठ महिने. भावोजींची आठ महिन्यांची मेहनत, आणि ती बुडवणारी व्यक्ती सकाळपासून गल्लीभर गुन्हेगार शोधत हिंडत होती.

कपाट उघडंच होतं. चादर खालच्या कप्प्यात, जुन्या गोधड्यांच्या तळाशी गेली असती तर कुणाला कळलं नसतं. बाइंडर तोंड उघडणार नव्हता. टीसीबाईंनी खरोखरच गोधड्या उचलल्या. एक क्षण तशाच उभ्या राहिल्या. हाच तो क्षण. शेकडो लोकांच्या चेहऱ्यावर त्यांनी तो पाहिला होता, गाडी फलाटाला लागते आणि दुसऱ्या बाजूचं दार मोकळं दिसतं तेव्हाचा. त्या वेळी त्यांना त्या लोकांचा राग यायचा. आज पहिल्यांदा त्यांना त्या लोकांचे पाय कळले.

त्यांनी गोधड्या खाली ठेवल्या आणि चादर काखेत मारली.

आता उरला एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर पितळी नळीत होतं. त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. भावोजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. टीसीबाईंनी काही न बोलता नळी उचलून नकाशाच्या समुद्राच्या कोपऱ्यावर उभी केली, नेहमीच्या जागी. आधी डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून पाहिलं. दीपगृहाची रिकामी जागा नळीच्या अलीकडे, स्वच्छ दिसत होती. मग बाइंडरच्या खुर्चीवरून पाहिलं. तिथूनही दिसली. मग त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

तिथून ती जागा नळीच्या बरोब्बर मागे गेली होती.

दुपारी साडेबाराला जिन्यावर चपला वाजल्या. सून कामावरून परत आली होती.

५

"डॉक्टर, बाइंडर, तुम्हीही बसा," टीसीबाई म्हणाल्या. दोघांना त्यांनीच बोलावून घेतलं होतं. "सूनबाई, तू पण बैस. उभी राहू नकोस दारात. आज दार नको."

सून टेबलाच्या कडेला बसली. पिशवी मांडीवरच.

"आधी नकाशा कुणी बदलला ते सांगते, मग का ते सांगते. रेघा उजव्या हाताच्या आहेत. म्हणजे भावोजी नाहीत आणि बाइंडरही नाहीत. डॉक्टर उजवे आहेत, पण त्यांच्या फोटोत दीपगृह ठळक दिसतंय. तो फोटो ज्याच्या ज्याच्याकडे आहे तो दीपगृह विसरला नसता. म्हणजे नकाशा ज्याने काढला त्याच्याकडे तो फोटो नव्हता. मंडळातला कुणी नाही तो. त्याने दुसऱ्या फोटोवरून किनारा काढला, आणि तो फोटो अशा जागेवरून घेतलेला की पितळी नळीच्या आड दीपगृह जातं. ती जागा एकच, स्वयंपाकघराचं दार. आठ महिने त्या दारात उभ्या राहणाऱ्या आम्ही दोघीच. मला साधं मांजर काढता येत नाही."

भावोजी हळूहळू सुनेकडे वळले. "तू?"

"हो बाबा." तिचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "कारखान्यात रंग जुळवायचं काम करते मी. एक नक्षी बघून हुबेहूब दुसरी करायची, रोजचंच आहे ते. पाच दिवस सुट्टीच्या तासात तिथेच बसून केला."

"आणि माझा? माझा कुठे आहे?"

तिने बाइंडरकडे पाहिलं. बाइंडर पट्टी नसल्यामुळे टेबलाशी बोलला, "भिजला होता. सोमवारी दुपारी मी घाबरून इथे आलो. तुम्ही वाचनालयात होतात. टीसीबाई बाजारात. पाळीला निघालेल्या सूनबाईंनी दार उघडलं."

"भिजला कसा? कुणी भिजवला?"

सुनेने मान वर केली नाही. "माझ्याकडूनच पाणी..."

"खोटं बोलू नकोस," टीसीबाई म्हणाल्या. "येत नाही तुला. आणि माझ्यापुढे तर नाहीच."

त्यांनी चादर टेबलावर उलगडली. निळा डाग सगळ्यांच्या समोर आला.

"मी भिजवला, भावोजी. ओल्या काठात गुंडाळला. मला आज अकरा वाजेपर्यंत माहीत नव्हतं, हिला सोमवारपासून माहीत होतं. मी आयुष्यभर लोकांच्या चुका पकडत आले, माझी चूक चारचौघांत आली तर मला ते सोसणार नाही, असं हिला वाटलं असणार. तिने ती चूकच पुसून टाकली."

"मोठ्या आई," सून पुटपुटली, "तुम्ही मला आल्या दिवसापासून कधी एका शब्दानं बोलला नाहीत. एवढं तर मी करू शकत होते."

भावोजी चादरीकडे पाहत होते. मग त्यांनी ती नीट घडी घालून बाजूला ठेवली.

"वहिनी, चादरीचं जाऊ द्या. दादा गेल्यावर हे घर तुम्ही उभं ठेवलंत, एक कागद भिजला तर मी तुमच्याकडे डोळे वटारू?" मग त्यांचं बोट नकाशावर टेकलं आणि आवाज बदलला. "पण ही नदी? पुन्हा काढायचा तर जसा होता तसा काढायचा. मी त्या खिंडीत तीन आठवडे तंबू ठोकून राहिलोय. नदी जिथे वाहते तिथेच काढायची असते. आपल्या सोयीने वळवायची नसते. हे कुणाला विचारून केलंस?"

हा खरा घाव होता, आणि तो कुणाला कुणाच्या पदराआड घेता येण्यासारखा नव्हता.

"कुणालाच नाही," सून म्हणाली. "तेवढं चुकलंच माझं. पण बाबा, एक विचारू? तुमची लाइन पूर्ण झालेली तुम्ही कधी पाहिलीत?"

"कसली लाइन?"

"खाणीपासून समुद्रापर्यंतची. या टेबलावर. मी प्रत्येक डाव बघितलाय, सुरुवातीचा फोटो काढून ठेवलाय, शेवटी काय झालं ते वहीत लिहून ठेवलंय. पहिला माणूस खिंड घेतो, बाकीचे कंटाळतात, अर्ध्यात डाव संपतो. आठ महिन्यांत एकदाही रूळ समुद्राला लागले नाहीत. तिथे कुणी ती लाइन होऊ दिली नाही, आणि इथे तुमचीच खिंड होऊ देत नाही."

भावोजींचं बोट खाणीपासून निघालं आणि खिंडीशी थांबलं. डॉक्टर छताकडे पाहू लागले.

"चार वाजायला तीन तास आहेत," टीसीबाई म्हणाल्या. "वाद कशाला घालताय? मांडा डाव."

६

पहिली खेळी भावोजींची आली. त्यांनी सवयीप्रमाणे खिंडीकडे हात नेला, थांबले, आणि तिथेच पहिला रूळ टाकला, जणू नदीला आव्हान देत. पुढच्या खेळीपर्यंत घर अर्धवट राहिलं. तेवढ्यात बाइंडरने उत्तरेकडून डोंगर वळसा घालून गाठला. डॉक्टर दक्षिणेच्या गावांत घुसले. चौथी खुर्ची सुनेची. ती समुद्राकडून उलटी निघाली होती, सावकाश, बंदरातून एकेक घर वर चढत.

टीसीबाईंना खेळ येत नव्हता, पण आवाज कळत होते. एरवी अर्ध्या तासात डॉक्टरांचं "हाऽ! झालं!" ऐकू यायचं आणि बाकीचे खुर्च्या मागे सारायचे. आज कुणी खुर्ची मागे सारली नाही. चहा निवला. भावोजींनी दोनदा "अरेच्चा" म्हटलं, एकदा डॉक्टरांना "चोरा!" म्हटलं, आणि त्यांचे कान लाल झाले, जे फार वर्षांत झाले नव्हते.

दोन वाजून गेले तेव्हा खाणीकडून आलेले भावोजींचे हिरवे रूळ खिंड ओलांडून उतारावर लागले. समोरून सुनेचे पांढरे रूळ चढत आले होते. मधे एकच घर रिकामं होतं. खेळी तिची होती. तिथे ती वळण घेऊन त्यांना कोंडू शकली असती, आणि बहुतेक जिंकलीही असती. तिने नकाशाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"दया नको हं," भावोजी करड्या आवाजात म्हणाले.

"दया नाही, बाबा. जोडले तर तुमच्या दगडाला माझं बंदर मिळतं, आणि वाट वापरल्याचे गुण मला." तिने रूळ ठेवला. टक्.

खाण समुद्राला लागली.

भावोजींनी एक करडा ठोकळा उचलला, दगडाचा. खाणीपासून निघून त्यांनी तो घराघरावरून स्वतःच्या बोटांनी सरकवत नेला. खिंड, नदीवरचा पूल, उतार, तिचे पांढरे रूळ, आणि शेवटी बंदर. नियमाप्रमाणे ठोकळा नुसता उचलून ठेवला तरी चालतं. कुणी त्यांना तसं सांगितलं नाही. ठोकळा बंदरात पोचल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

डाव सुनेने दोन गुणांनी जिंकला. भावोजी दुसरे आले आणि ताबडतोब भांडायला लागले. खाणीला दोनच ठोकळे का, तिसरा असता तर मीच होतो. सून म्हणाली, तिसरा दिला तर उत्तरेची गावं मरतात. ते म्हणाले, मुळीच मरत नाहीत. दोघं बोट टेकवून टेकवून वाद घालू लागले. डॉक्टर टीसीबाईंच्या कानाशी लागले, "आता आपल्याला कुणी विचारत नाही."

तीन वाजता भावोजींनी रंगाचा डबा काढला. बारीक कुंचला डाव्या हातात धरून किनाऱ्यावर नखाएवढं दीपगृह काढलं. खिंडीला हात लावला नाही.

७

हॉलमध्ये सहा नकाशे मांडले होते. कंपनीची बाई चाळिशीची, केस आखूड, हातात वही. ती प्रत्येक टेबलापाशी पंधरा पंधरा मिनिटं बसून खेळून पाहत होती. डॉक्टरांच्या बेटांवर ती मनापासून हसली. मग भावोजींच्या टेबलाशी आली, तीन खेळ्या खेळली, थांबली, आणि वाकून खिंडीकडे पाहू लागली.

"डोंगराची रांग अगदी खरी वाटते. तुम्ही मोजणी खात्यात होता का?"

"अठ्ठावीस वर्षं," भावोजी म्हणाले.

"आणि ही नदी? बाकी सगळा नकाशा जमिनीला धरून आहे. हीच एक नदी मला कुणीतरी विचार करून आणलेली वाटते. का आणलीत खिंडीतून?"

बाइंडर जमिनीकडे बघू लागला.

भावोजींनी घसा साफ केला. "डोंगर माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "नद्या आमच्या सूनबाईंकडे. तुम्ही त्यांनाच विचारा."

सून मागच्या रांगेत टीसीबाईंच्या शेजारी बसली होती. ती उठली. टेबलापाशी जाईपर्यंत ती नेहमीसारखीच अंग चोरून गेली, पण एकदा खिंडीवर बोट ठेवल्यावर तिला कुणी आवरू शकलं नसतं. नऊ डाव, सात पहिल्याचे, कोणत्या खेळीला कोण कंटाळलं, रिकाम्या बंदराचं काय करायचं. कंपनीची बाई लिहीत होती. भावोजी मान डोलवत होते आणि दोन ठिकाणी, खाणीच्या ठोकळ्यांवरून, मोठ्याने हरकत घेत होते. दोन्ही वेळा सुनेने त्यांची हरकत तिथल्या तिथे खोडून काढली.

निकाल महिन्याने कळणार होता. वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना ऊन कलायला लागलं होतं. डॉक्टर आणि बाइंडर पुढे गेले होते. नकाशा भावोजींच्या काखेत होता. बाइंडरने शिवलेल्या कापडी पिशवीत, कोरड्या, कारण टीसीबाईंनी निघताना तिचे चारही काठ चिमटीत धरून तपासले होते.

"वहिनी," भावोजी म्हणाले, "तुम्ही सगळं शोधलंत, पण हिला नेमकी काय शिक्षा करायची ते सांगितलं नाहीत. माझी नदी वळवली हिने."

"तुम्हीच सांगा."

भावोजी मागे वळून सुनेला म्हणाले, "वाळवंटाचा एक नकाशा माझ्या डोक्यात आहे. नदीच नाही. एकही नाही. बघू तू काय करतेस."

"विहिरी चालतील?" सुनेने विचारलं.

"किती?"

"तीन."

"दोन," भावोजी म्हणाले, आणि घर येईपर्यंत दोघं त्या तिसऱ्या विहिरीवरून भांडत राहिले.